आंग्र्यांच्या घरातला वारसा : एका लहान संस्थानाच्या सहा पिढ्या

(नागाव येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



नागावात उभं राहून आंग्र्यांवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच आहे. कारण इथं प्रत्येकाला कान्होजी आंग्रे माहीत आहेत. अलिबागला गेलं की समाधी दिसते, किनाऱ्यावर आलं की कुलाबा किल्ला दिसतो. शाळेत असताना ओहोटीला चालत किल्ल्यात गेला नाही असा माणूस या सभेत क्वचितच असेल. त्यामुळे कान्होजींच्या लढाया मी आज पुन्हा सांगणार नाही. मी विचारणार आहे तो प्रश्न वेगळा आहे : कान्होजींच्या नंतर काय झालं? १७२९ साली ते गेले. संस्थान खालसा झालं १८४० साली. मधली एकशेअकरा वर्षं आपल्या डोक्यात कोरी असतात. त्या वर्षांत कुलाब्याच्या गादीवर कोण बसलं, कुणी कुणाला हटवलं आणि शेवटी सगळं कसं हातातून गेलं, ही घरातली गोष्ट आज सांगायची आहे.

सुरुवात मात्र इथून फार लांबून करतो. जर्मनीतून.

१८४० सालच्या दोन घटना

१० फेब्रुवारी १८४० रोजी लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीचं लग्न झालं. नवरा मुलगा कोण? प्रिन्स आल्बर्ट. तो आला होता कोबुर्ग नावाच्या एका छोट्याशा जर्मन संस्थानातून. छोटं म्हणजे किती, तर त्या काळात जर्मनीत असे डझनावारी राजे होते आणि त्यांतही कोबुर्ग लहानांत गणलं जायचं. त्यात आल्बर्ट धाकटा मुलगा. गादी मोठ्या भावाची, अर्न्स्टची. घरातही सुख नव्हतं. आल्बर्ट पाच वर्षांचा असताना आईवडील वेगळे झाले, पुढं घटस्फोट झाला, आणि आई पुन्हा मुलांना भेटली नाही असंच त्याच्या चरित्रात वाचायला मिळतं. अशा घरातला धाकटा मुलगा जगातल्या सर्वांत बलाढ्य राज्याच्या राणीचा नवरा झाला.

आणि त्याच १८४० साली, त्याच राणीच्या राज्यातल्या ईस्ट इंडिया कंपनीनं, आपल्या इथलं कुलाब्याचं छोटं संस्थान गिळलं. कारण दिलं गेलं वारस नसल्याचं.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध काही नाही. पण शेजारी ठेवून पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. लहान संस्थान म्हणजे शेवटी एक घर असतं. त्याची राज्यघटना म्हणजे वारसाहक्काचा नियम. मोठा मुलगा कोण, कोणत्या आईचा मुलगा धरायचा, मूल नसेल तर काय, आणि भांडण झालं तर निवाडा कुणी करायचा. या चार प्रश्नांची उत्तरं ठरलेली असतील तर घर टिकतं. नसतील तर बाहेरचा माणूस आत येतो.

कोबुर्गचंही घर एकदा असंच फुटलं होतं. आल्बर्टचा पूर्वज, गोथाचा ड्यूक अर्न्स्ट, १६७५ मध्ये वारला तेव्हा मागं सात मुलगे होते. सातही जणांनी राज्य वाटून घेतलं. आपल्याकडं वाडी वाटली जाते ना, तसंच. सात घरं झाली. काही वंश पुढं खुंटले, त्यांच्या तुकड्यांवरून भाऊबंदांत वर्षानुवर्षं वाद चालले. शेवटी अठराव्या शतकात कोबुर्गकरांनी ज्येष्ठ पुत्रालाच सगळं, असा नियम केला. म्हणजे शहाणपण त्यांना सुरुवातीपासून नव्हतं. ते ठेच लागून आलं.

आता आपल्या घराकडं येऊ.

कान्होजींनी काय मागं ठेवलं

आंग्र्यांचं मूळ आडनाव संकपाळ. गाव अंगरवाडी, त्यावरून आंग्रे. कान्होजींचे वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या चाकरीत होते. कान्होजी राजाराम महाराजांच्या काळात सरखेल झाले, म्हणजे आरमाराचे मुख्य. पुढं शाहू महाराज आणि ताराराणी यांच्यात दोन तट पडले तेव्हा कान्होजी ताराराणींच्या बाजूला होते. शाहूंनी पेशवा बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यालाच कैद केलं. मग बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला आले, तह झाला आणि कान्होजी शाहूंच्या बाजूला आले. त्या तहात दहा किल्ले आणि सोळा गढ्या कान्होजींकडं राहिल्या आणि सरखेलपद कायम झालं.

हा तह नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ त्यात आहे. कान्होजी छत्रपतींचे सरदार झाले खरे, पण त्यांची ताकद त्या कागदात नव्हती. ती गलबतांत, गुराबांत आणि किनाऱ्यावरच्या किल्ल्यांत होती. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले, ते त्या कागदामुळे नव्हे. म्हणजे कान्होजी जिवंत होते तोवर या घराचा निवाडा बाहेरच्या कुणी करण्याचा प्रश्नच नव्हता.

४ जुलै १७२९ ला कान्होजी गेले. मागं मुलगे सहा : सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी आणि धोंडजी. सेखोजी आणि संभाजी सख्खे भाऊ. बाकीचे वेगळ्या मातांच्या पोटचे, आणि त्यांच्या हक्काबद्दल त्या काळातही कुजबुज होती. नियम काय होता? लिहिलेला नव्हता. सरखेलपद छत्रपती देणार, ते एकालाच मिळणार. पण किल्ले, गलबतं, आगरं, बंदरातली जकात हे सगळं घरचं. ते कुणाचं?

सेखोजी मोठे. ते गादीवर बसले तोवर घर एकत्र राहिलं. ते समंजस होते. जंजिऱ्याच्या सिद्दीवरच्या मोहिमेत पेशव्यांबरोबर ते उभे राहिले. ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांना सेखोजींनी आणि घरातल्या लक्ष्मीबाईंनी लिहिलेली पत्रं आज छापील स्वरूपात वाचायला मिळतात. ती वाचली की कळतं, या घरातल्या बाया नुसत्या पडद्यामागं नव्हत्या. कर्ज, देणगी, रागलोभ, मुलांची काळजी, सगळं त्या स्वामींना कळवत होत्या. स्वामींचं वजन सातारच्या दरबारात आणि पुण्यात दोन्हीकडं होतं, त्यामुळे ही पत्रं नुसती भक्तीची नव्हती. तो एक प्रकारचा राजकारभारच होता.

१७३३ मध्ये सेखोजी गेले. आणि घर फुटलं.

पहिला निवाडा, पहिली किंमत

सेखोजींच्या मागं संभाजी सरखेल झाले. संभाजी आणि मानाजी यांचं जमेना. मानाजींनी काय करावं? त्यांनी पोर्तुगीजांची मदत घेतली आणि कुलाबा ताब्यात घेतला. तिथं येसाजी होते, म्हणजे भाऊच. मानाजींनी त्यांचे डोळे काढवले.

हे वाक्य मी मुद्दाम हळू म्हणतो. आपण इतिहासात तह आणि लढाया वाचतो आणि असल्या वाक्यांवरून पुढं जातो. आपल्या समोरच्या त्या किल्ल्यात हे घडलं. भावानं भावाचे डोळे काढले. तेही का, तर आंधळा माणूस गादीवर बसू शकत नाही असा समज होता. म्हणजे वारसाचा नियम लिहिलेला नसला की तो असा अंगावर लिहिला जातो.

१७३५ मध्ये बाजीराव पेशवे मध्ये पडले. त्यांनी वाटणी करून दिली. कुलाबा मानाजींकडं, किताब 'वजारतमाब'. दक्षिणेकडचं सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग वगैरे संभाजींकडं, किताब 'सरखेल'. आणि या निवाड्याबद्दल मानाजींनी पेशव्यांना राजमाची आणि कोथळीगड हे घाटावरचे दोन किल्ले दिले.

हे दोन किल्ले लक्षात ठेवा. या घरानं निवाड्याची मोजलेली ही पहिली किंमत आहे. यापुढं प्रत्येक वेळी मी किंमत सांगणार आहे.

वाटणीनं भांडण मिटलं का? नाही. १७४० मध्ये संभाजी पुन्हा चालून आले. चौल, अलिबाग, थळ, सागरगड घेतले आणि कुलाब्याला वेढा दिला. किल्ल्याचं गोडं पाणी तोडलं. आता चौल ते अलिबाग या रस्त्याच्या मध्ये कुठलं गाव लागतं, हे मी नागावकरांना सांगायला नको. भावाभावांच्या भांडणात फौज कुणाच्या वाडीतून गेली असेल, कुणाचे नारळ उतरवले असतील, याची नोंद कुणी ठेवत नाही.

मानाजींनी एकीकडं पेशव्यांना आणि दुसरीकडं मुंबईच्या इंग्रजांना हाक मारली. दोघेही आले. नानासाहेब आणि चिमाजी अप्पा फौज घेऊन कुलाब्याला आले, तुळाजी पकडले गेले, संभाजी मागं हटले. याच मोहिमेवर असताना नानासाहेबांना नर्मदेकाठी बाजीराव गेल्याची बातमी कळली. म्हणजे मराठी राज्याचा एवढा मोठा क्षण आपल्या या पट्टीत, आंग्र्यांच्या घरगुती भांडणाच्या पायी आलेल्या माणसानं अनुभवला.

संभाजी १७४२ मध्ये गेले. त्यांच्या जागी तुळाजी सरखेल झाले. तुळाजींची गोष्ट वेगळ्या व्याख्यानाची आहे, मी चार वाक्यांत सांगतो. तुळाजी शूर होते आणि पेशव्यांना जुमानत नव्हते. पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला. एप्रिल १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला, फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि बंदरातलं आंग्र्यांचं आरमार जळालं. तुळाजी उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत राहिले.

मराठी आरमार कुणी जाळलं, यावर आपण अजून वाद घालतो. नानासाहेबांवर दोष ठेवतो. तो दोष आहेच. पण एक प्रश्न राहतो. १७२१ मध्ये जे घर दोन युरोपीय सत्तांना एकत्र पुरून उरलं, त्याच घरात १७४० मध्ये इंग्रजांना बोलावणारा माणूस घरातलाच होता. दार आतून उघडलं गेलं होतं.

रघुजी : ज्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही

कुलाब्याची शाखा मात्र टिकली. १७५८ मध्ये मानाजी गेले आणि त्यांचे पुत्र रघुजी गादीवर आले. रघुजींनी जवळजवळ पस्तीस वर्षं, १७९३ पर्यंत कारभार केला. एवढा काळ या घराण्यात दुसऱ्या कुणी केला नाही. तरी रघुजींचं नाव किती जणांना माहीत आहे? कारण त्यांच्या नावावर मोठी लढाई नाही.

गादीवर येताच सिद्दीनं मुलखात धुमाकूळ घातला. पेशव्यांची मदत आली. त्या बदल्यात थोड्याच काळात उंदेरी सिद्दीकडून घेतली गेली आणि ती पेशव्यांच्या स्वाधीन झाली. ही दुसरी किंमत. दोन डोंगरी किल्ल्यांनंतर आता एक बेट.

पण रघुजींनी घर सांभाळलं. कुलाबा किल्ल्यात जे गणपतीचं मंदिर आहे, आपण ज्याला गणेश पंचायतन म्हणतो, ते रघुजींनी १७५९ मध्ये बांधलं. पुढच्या वेळी किल्ल्यात जाल तेव्हा त्याच्या गाभाऱ्यापुढं क्षणभर थांबा. ज्या किल्ल्यात वडिलांनी काकांचे डोळे काढवले, त्याच किल्ल्यात मुलानं गादीवर येताच पहिल्या वर्षात देऊळ बांधलं. का बांधलं हे रघुजींनी लिहून ठेवलेलं नाही, आणि मी त्यांच्या मनातलं सांगणार नाही. पण दोन्ही गोष्टी एका भिंतीच्या आत आहेत.

जेम्स फोर्ब्स नावाचा एक इंग्रज १७७१ च्या सुमारास अलिबागला आला होता. त्याच्या वर्णनावरून असं दिसतं की राजा राहायचा किल्ल्यात, पण वाडा, खजिना, पागा, बागा या जमिनीवर अलिबागेत होत्या. हे चित्र मला फार बोलकं वाटतं. धन जमिनीवर, आणि धनी पाण्यात. भरती आली की दोघांच्या मध्ये समुद्र. कान्होजींच्या वेळी तो समुद्र संरक्षण होता. रघुजींच्या वेळी जमिनीवरच्या आगरांवर, मिठागरांवर आणि जकातीवर संस्थान चालत होतं. दर्याचा सरखेल हळूहळू जमीनदार झाला होता.

आई, कारभारी आणि अल्पवयीन राजा

१७९३ मध्ये रघुजी गेले. मुलगा मानाजी, म्हणजे दुसरे मानाजी, अजून लहान. आणि लहान राजा म्हटलं की लगेच प्रश्न येतो : कारभार कुणी करायचा?

एका बाजूला रघुजींची विधवा आनंदीबाई. दुसऱ्या बाजूला नात्यातलेच जयसिंगराव आंग्रे. दोघांत तंटा पेटला. जयसिंगरावांच्या पत्नी सकवारबाई यांनी तर खांदेरी धरून ठेवली होती. विचार करा, घरात वारसावरून भांडण आहे आणि एक बाई समुद्रातलं बेट हातात घेऊन बसली आहे. आपण आंग्र्यांच्या घरातल्या पुरुषांचीच नावं घेतो, हे मला म्हणूनच खटकतं.

हे भांडण मिटवायला बाहेरून जे आले ते बाबूराव आंग्रे. हे दौलतराव शिंद्यांच्या जवळचे. पेशवे तेव्हा स्वतःच शिंद्यांच्या दडपणाखाली होते. बाबूराव भांडण मिटवायला आले आणि १७९९ मध्ये स्वतःच गादीवर बसले. मानाजी बाजूला पडले ते चौदा वर्षं.

१८१३ मध्ये बाबूराव वारले. मग मानाजींना त्यांची गादी परत मिळाली. पेशव्यांनी मान्यता दिली, आणि त्या बदल्यात घेतलं काय? खांदेरी आणि शिवाय काही गावं. ही तिसरी किंमत. ज्या खांदेरीवर १७१८ मध्ये इंग्रज आले आणि कान्होजींच्या लोकांनी त्यांना परतवून लावलं, ती खांदेरी एका सहीनं गेली. पुढं पेशवाई बुडाली आणि ती इंग्रजांकडं गेली. लढाई न करता.

शेवटचे रघुजी आणि एक तान्हं बाळ

१८१७ मध्ये मानाजी गेले. गादीवर पुन्हा अल्पवयीन मुलगा, दुसरे रघुजी. कारभार दिवाण विनायक परशुराम बिवलकर यांच्याकडं. पुढच्याच वर्षी पेशवाई संपली. आता निवाडा करणारा कोण उरला? फक्त कंपनी. १८२२ मध्ये तह झाला, कुलाब्यानं कंपनीचं वर्चस्व मान्य केलं.

दुसरे रघुजी डिसेंबर १८३८ मध्ये गेले. वारस म्हणून मागं राहिलं एक तान्हं बाळ. त्याचं नाव ठेवलं कान्होजी. हे बाळही लवकरच गेलं.

मोजून पाहा. कान्होजी, मानाजी, रघुजी, मानाजी, रघुजी, कान्होजी. सहा पिढ्या. दोन्ही टोकांना एकच नाव. पहिल्यापुढं दोन आरमारं मागं हटली. शेवटच्याला पाळण्याबाहेरचं जगच दिसलं नाही.

राण्यांनी दत्तकाची परवानगी मागितली. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणं दत्तक पुत्र हा पुत्रच. कंपनीनं परवानगी नाकारली आणि १८४० मध्ये कुलाबा खालसा केला. आपण 'संस्थानं खालसा' म्हटलं की डलहौसीचं नाव घेतो. सातारा १८४८, झाशी, नागपूर. पण डलहौसी यायच्या आठ वर्षं आधी हा प्रयोग आपल्या इथं होऊन गेला होता. कुलाब्यावर झालं तेव्हा देशात कुठं ओरड झाली नाही, कारण घर लहान होतं. लहान घरावर रुळलेली रीत पुढं मोठ्या घरांवर वापरली गेली, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

ही चौथी आणि शेवटची किंमत. दोन किल्ले, मग एक बेट, मग दुसरं बेट आणि गावं, मग सगळंच.

पुन्हा कोबुर्ग

आता शेवटी जर्मनीकडं परत जातो, कारण तुलना इथं पुरी होते.

१८२५ मध्ये कोबुर्गच्या भाऊबंदांपैकी गोथा-आल्टेनबुर्गचा वंश खुंटला. शेवटचा ड्यूक निपुत्रिक गेला. ही आल्बर्टच्या आईची माहेरची गादी. म्हणजे नेमकी कुलाब्यासारखीच वेळ. मग काय झालं? उरलेले भाऊबंद भांडले, अगदी हमरीतुमरीवर आले. शेवटी सॅक्सनीचा राजा मध्यस्थ झाला. तो त्याच मूळ कुळातला, धाकट्या पातीचा म्हणा हवं तर. १८२६ मध्ये त्यानं वाटणी करून दिली. गोथा कोबुर्गला, कोबुर्गकडचं साल्फेल्ड दुसऱ्या भावकीला, असं जुळवलं. राज्य कुळातच राहिलं. पुढं आल्बर्टचा भाऊ अर्न्स्ट निपुत्रिक गेला तेव्हा, १८९३ मध्ये, गादी आल्बर्टच्या मुलाला, आल्फ्रेडला मिळाली. पुतण्या चालला! हाच आल्फ्रेड १८७० मध्ये मुंबईला आला होता, तिथल्या सेलर्स होमची कोनशिला त्याच्या हातून बसली. त्याला चुलत्याची गादी मिळणं कायद्यात बसत होतं. कुलाब्याच्या राण्यांनी मागितलेला दत्तक मात्र बसत नव्हता.

मग ते शहाणे आणि आपण मूर्ख, असं मी म्हणतो आहे का? मुळीच नाही. भाऊबंदकी दोन्हीकडं सारखी. सात भावांत वाटणी करणारे तेच. फरक दोन गोष्टींत होता. एक, त्यांनी उशिरा का होईना, नियम लिहून काढला. दोन, त्यांचा मध्यस्थ घरातला होता, त्यानं निवाड्याची किंमत म्हणून गाव मागितलं नाही. आपल्याकडं दर पिढीला मध्यस्थ बदलत गेला. सातारा, पुणे, शिंदे, मुंबई. दर वेळी तो घरापासून आणखी लांबचा. आणि जितका लांबचा, तितकी किंमत जास्त.

अन्याय कंपनीनं केला, यात शंका नाही. दत्तक नाकारण्याचा अधिकार तिनं स्वतःच स्वतःला दिला होता. पण निवाडा बाहेर न्यायची सवय शंभर वर्षं आधीच लागली होती, हेही तितकंच खरं.

आज काय उरलं

खालसा झालेल्या मुलखाचा पुढं, १८६९ मध्ये, स्वतंत्र कुलाबा जिल्हा झाला, अलिबाग मुख्य ठिकाण. १९८१ मध्ये जिल्ह्याचं नाव रायगड झालं. खांदेरी बेटाला आता कान्होजींचं नाव आहे, मुंबईतल्या नौदलाच्या तळाचं नाव आंग्रे आहे. पहिल्या कान्होजींना मान मिळाला, मिळायलाच हवा. रघुजींचं देऊळ आहे. आनंदीबाई, सकवारबाई, येसाजी यांचं काही नाही.

आणि आपल्याला काय घ्यायचं? अष्टागरात वाडीचे वाद काही नवे नाहीत. सात-बारावर आठ-आठ नावं, कोर्टात दोन पिढ्या, आणि मग एक दिवस तिसराच कुणी येतो, सगळ्यांना समजावतो, सह्या घेतो आणि वाडी जाते. या सभेत माना डोलताना मला दिसतायत. आंग्र्यांचा इतिहास फक्त समुद्राचा नाही, तो या वाडीचाही आहे. भाऊ समोरासमोर बसलेले असतानाच कागद करावा, आणि निवाडा घरातल्या वडीलधाऱ्यानं करावा. एवढंच मी म्हणेन.



श्रोत्यांच्या प्रश्नांतून

*इंग्रज पुस्तकांत आंग्र्यांना चाचे म्हटलेलं असतं. ते कितपत खरं?*

आंग्रे त्यांच्या हद्दीतून जाणाऱ्या जहाजांना दस्तक घ्यायला लावत. दस्तक म्हणजे परवाना, त्याचे पैसे. नसेल तर जहाज पकडत. आता पोर्तुगीज हेच दोनशे वर्षं करत होते, त्याला 'कार्ताझ' म्हणत. इंग्रजही आपले परवाने देत. कान्होजी छत्रपतींचे नेमलेले सरखेल होते, म्हणजे एका राज्याचे अधिकारी. त्यांचं म्हणणं साधं होतं : माझ्या किनाऱ्यावर परवाना माझा. ज्यांना तो मान्य नव्हता त्यांनी चाचे हा शब्द वापरला. हा शब्द त्यांच्या तक्रारीचा आहे, तो निकाल म्हणून वाचू नये.

*मानाजींना तुम्ही फार दोष दिलात. वसईच्या मोहिमेत ते होते ना?*

होते, आणि हे सांगायचं राहिलं, बरं झालं विचारलंत. ज्या पोर्तुगीजांची मदत घेऊन त्यांनी कुलाबा मिळवला, त्यांच्याच विरुद्ध पुढं १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत ते चिमाजी अप्पांच्या बाजूनं होते. मानाजी नुसते दुष्ट असते तर गोष्ट सोपी होती. ते कर्तबगार होते, घर टिकवलं ते त्यांच्याच शाखेनं. पण घर मिळवण्यासाठी जे केलं, त्याची फेड पुढच्या पिढ्यांना करावी लागली. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

*मुलांना किल्ला दाखवायचा तर काय दाखवावं?*

ओहोटीची वेळ आधी विचारून जा, भरतीत कुणी अडकू नका. आत रघुजींचं गणपतीचं देऊळ दाखवा, गोड्या पाण्याची जागा दाखवा. १७४० मध्ये पाणी तुटल्यावर आतल्या माणसांचं काय झालं असेल, ते मुलांनाच विचारा. मग बाहेर येऊन शेजारचा हिराकोट आणि कान्होजींची समाधी. एका सकाळीत होतं. आणि परत येताना आक्षीला थांबा. तिथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे १०१२ सालचा. आंग्र्यांच्याही सातशे वर्षं आधी आपल्या या पट्टीत मराठी दगडावर लिहिली जात होती. लिहून ठेवायची रीत आपल्याकडं होती, मंडळी. घराच्या बाबतीतच आपण ती विसरलो.